नॉर्मन लॉकियर

सर जोसेफ नॉर्मन लॉकियर (१७ मे, इ.स. १८३६:रग्बी, इंग्लंड - १६ ऑगस्ट, इ.स. १९२०:सॅलकोम्ब रेजिस, डेव्हन, इंग्लंड) हे इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ होते. हेलियम या मूलद्रव्याचा सूर्याच्या वर्णपटातून लागलेला शोध आणि 'नेचर' या नियतकालिकाची स्थापना यांसाठी ते ओळखले जातात. महाराष्ट्रात त्यांचे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्याशी जोडले जाते.

हौशी निरीक्षक

लॉकियर यांनी विद्यापीठाचे शिक्षण घेतले नव्हते. इ.स. १८५७ पासून ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते आणि नोकरी सांभाळून सव्वासहा इंची दुर्बिणीतून आकाशनिरीक्षण करीत. इ.स. १८६६ मध्ये त्यांनी या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला. वर्णपटातील रेषेच्या स्थानावरून प्रकाशाची तरंगलांबी व वारंवारता कळते, म्हणून हे वस्तुतः वारंवारता मोजण्याचेच साधन होय. रेषा किंचित सरकलेली दिसली, तर त्यावरून तप्त वायूचा वेगही काढता येतो. लॉकियर यांनी सौरज्वालांच्या बाबतीत तसे वेग काढले.

अधिक शक्तिशाली वर्णपटदर्शक हाती येताच, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, त्यांना ग्रहण नसताना सौरज्वालांच्या रेषा दिसल्या. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर यान्सेन यांनी हीच पद्धत १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणानंतर दुसऱ्याच दिवशी गुंटूर येथे वापरली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या नावे एकच पदक काढले.

सोडियमच्या जोडरेषांजवळची एक पिवळी रेषा मात्र कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५१० लक्ष कोटी कंपने. ग्रीक भाषेतील 'हेलिओस' म्हणजे सूर्य, त्यावरून या मूलद्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. नावाचा शेवट धातूला शोभणारा आहे. प्रत्यक्षात तो निष्क्रिय वायू निघाला. इ.स. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना तो पृथ्वीवरील खनिजात सापडेपर्यंत अनेक रसायनशास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास नव्हता.

विजयदुर्ग

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, अशी समजूत कोकणात प्रचलित असून १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. परंतु ऑगस्ट १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. इ.स. १८७१ च्या ग्रहणासाठी ते भारतात आले, तेव्हा त्यांचा तळ केरळमधील बेकल किल्ल्यात होता. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यातील 'साहेबाचे ओटे' त्याच मोहिमेची आठवण सांगतात.

त्यापूर्वी इ.स. १८९६ मध्ये नॉर्वेत ढगांमुळे त्यांची मोहीम वाया गेली होती. कोकणातील जानेवारीचे आकाश निरभ्र असते, पण खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. तेवढ्यात प्रत्येक छायापट्टी ठरलेल्या सेकंदाला उघडून मिटवावी लागे. त्यासाठी 'मेलपोमेनी' या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशांकडून वेळ पुकारून कसून सराव करून घेण्यात आला.

या ग्रहणाचे फलित मोलाचे होते. सूर्याच्या किरीटातील हिरव्या रेषेची तरंगलांबी तोवर ५३१.७ नॅनोमीटर मानली जाई. विजयदुर्ग व सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथील छायाचित्रांवरून ती सुमारे ५३०.३ असल्याचे ठरले. फरक दीड नॅनोमीटरहून कमी, तरी त्यामुळे लोहाच्या नेहमीच्या रेषेशी तिचे जोडलेले नाते तुटले. ही रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे, हे सुमारे चार दशकांनी उमगले. हेलियमच्या कथेपुढे विजयदुर्गाचा हा खरा वाटा स्थानिक लेखनात दुर्लक्षित राहिला आहे.

इतर कार्य

४ नोव्हेंबर १८६९ रोजी सुरू झालेल्या 'नेचर'चे ते पन्नास वर्षे संपादक होते. इ.स. १८९७ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांचे सर्वच तर्क टिकले नाहीत. तारे उल्कासमूहांपासून बनतात, हा त्यांचा सिद्धान्त मागे पडला. स्टोनहेंजच्या कालनिर्णयासाठी त्यांनी सूर्योदयाच्या दिशेचा उपयोग केला. इ.स. १९१२ मध्ये त्यांनी सिडमथ येथे उभारलेली वेधशाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.