वडिलांनी शिकवले, सासऱ्यांनी घडवले



भंवरकुआं चौराह्यावरून खंडवा रोडने थोडे पुढे गेले की देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर लागतो. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या विश्वविद्यालयाला १९८८ मध्ये हे नाव मिळाले. इंदूरच्या मुलांना अहिल्याबाईंनी बांधलेली मंदिरे व घाट माहीत असतात. त्या स्वतः कशा घडल्या, हे मात्र कमी सांगितले जाते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मुलींना शिकवण्याची रीत नसताना त्यांनी लेकीला लिहिणे-वाचणे शिकवले. ही पहिली शिदोरी.

१७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मल्हाररावांचे वडील ते लहान असतानाच वारले होते आणि खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांनी त्यांना वाढवले होते. जन्म न देताही कोणी आई-बापाची जागा घेऊ शकतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना थांबवले. एकुलता पुत्र गमावलेल्या वृद्ध सासऱ्याची ती विनवणी होती. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सुनेला काम दिले. वसुली, हिशेब, पत्रव्यवहार, लष्कराची रसद, सर्व त्या पाहू लागल्या. १७६५ च्या एका पत्रात मल्हारराव त्यांना चंबळ उतरून ग्वाल्हेरला जाण्यास, तोफखान्याच्या दारूगोळ्याची व महिन्याच्या खर्चाची तजवीज करण्यास आणि वाटेवर चौक्या बसवण्यास सांगतात. अनुभवी सरदाराला लिहावे तसे हे पत्र आहे.

१७६६ मध्ये मल्हारराव वारले. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव गादीवर आले, पण वर्षाच्या आतच त्यांचेही निधन झाले. राघोबादादा दौलतीवर चालून येणार असे दिसताच अहिल्याबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी फौजेची तयारी केली, इतर सरदारांना पत्रे पाठवली आणि पेशवे माधवरावांची मान्यता मिळवली. तुकोजी होळकरांकडे फौज सोपवून १७९५ पर्यंत महेश्वरहून कारभार पाहिला. सासऱ्यांनी शिकवलेला हिशेब अखेरपर्यंत सुटला नाही. काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास उभे राहिले. असा दानधर्म त्या आपल्या खासगीच्या उत्पन्नातून करीत, राज्याच्या खजिन्यातून नव्हे.

आता एक कठीण गोष्ट. मालेराव याच घरात, याच आजोबांच्या नजरेखाली वाढले, तरी त्यांच्या वागण्याने आईला दुःखच झाले. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई सती निघाली. आईने पुष्कळ विनवले, पण लेक ऐकली नाही. ज्यांना सासऱ्यांच्या शब्दाने अडवले, त्यांना स्वतःची लेक अडवता आली नाही. आई-वडिलांचा प्रभाव मोठा असतो, पण मूल म्हणजे कुंभाराची माती नव्हे. एका घरातली दोन मुले दोन वाटांनी जातात. त्यासाठी प्रत्येक वेळी आई-वडिलांना दोष देणे न्यायाचे नाही.

मग पालकांच्या हाती काय उरते? माणकोजींनी अक्षर दिले, मल्हाररावांनी विश्वास दिला. दोघांनीही रिवाजापेक्षा मुलीची योग्यता पाहिली. पालकांना माझी विनंती आहे की या महिन्यात आपल्या पाल्यावर घरातले एक खरे काम सोपवा. दुधाचा हिशेब असो की आजीच्या औषधांच्या वेळा, मुलगा असो की मुलगी. चूक झाली तर समजावून सांगा, पण काम काढून घेऊ नका.