एक आवाज, दोन कॅसेट

गणपतीत आपल्या होस्टेलच्या मंडपात सकाळी पहिलं गाणं कुठलं लागतं, ते सांगायला नको. 'तूच सुखकर्ता'! मेसच्या मावशींपासून मेकॅनिकलच्या सरांपर्यंत सगळे ते गुणगुणतात. पण गातंय कोण, असं मी आमच्या विंगमध्ये विचारलं, तेव्हा दहापैकी दोघांनाच प्रल्हाद शिंदे हे नाव माहीत होतं.

मी शिकलो कॉन्व्हेंटमध्ये. हा आवाज मला भेटला तो सुट्टीत, आजोळी धावड्याला (ता. भोकरदन, जि. जालना). मामाकडे त्यांच्या हिट गाण्यांच्या दोन कॅसेट अजून जपून ठेवलेल्या आहेत. एकीवर विठ्ठल-गणपतीची गाणी, दुसरीवर भीमगीतं. पहिली आषाढीला वाजायची, दुसरी १४ एप्रिलला. माणूस एकच!

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढा. घरात पैसा नव्हता, पण गाणं होतं. पुढे मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत ते साथ करू लागले. वरच्या पट्टीतला, शेवटच्या रांगेपर्यंत सरळ पोचणारा तो आवाज मला तरी कव्वालीचीच देणगी वाटते. मग रेकॉर्ड निघाल्या. मधुकर पाठक यांच्या चाली, दत्ता पाटील आणि हरेंद्र जाधव यांची गीतं आणि शिंद्यांचा गळा, असं समीकरण जमलं. हरेंद्र जाधवांनी गणपतीची गाणी लिहिली, तशी भीमगीतंही.

कॅसेट आली आणि हा आवाज खेडोपाडी गेला. आता जरा आपल्या ब्रँचचं बोलतो. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. म्हणजे अर्ध्या तासाच्या एका बाजूला साधारण ८६ मीटर टेप. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. इथे एका कॅसेटमध्ये दहा-बारा गाणी बसायची, म्हणून निवडक हिट्सचा धंदा जोरात चालला. पण निवड करताना गिऱ्हाईक बघतात ना! भक्तिगीतं एका कव्हरमध्ये गेली, भीमगीतं दुसऱ्या. ऐकणाऱ्यांच्याही दोन रांगा झाल्या.

हे मला साधं वाटत नाही. मंगळवेढ्यातच गावकुसाची भिंत कोसळून १३३८ साली संत चोखामेळा गेले. जिवंतपणी ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांची समाधीही पंढरपूरला देवळाबाहेरच आहे. ते मंदिर दलितांना खुलं झालं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांचे होते. आंबेडकरी समाजातला हा मुलगा पुढे महाराष्ट्राच्या घराघरात विठ्ठलाला हाक मारणारा आवाज झाला आणि त्याच ताकदीने बाबासाहेबांना वंदनही करत राहिला. त्यांच्या गळ्यात दोन्ही एकत्र नांदलं. वाटणी झाली ती कॅसेटच्या कव्हरवर आणि आपल्या गल्ल्यांमध्ये.

२३ जून २००४ रोजी ते गेले, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. मुलं आनंद, मिलिंद, दिनकर यांनी गाणं पुढे नेलं. नातू आदर्श शिंदे तर आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे.

आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेत कंट्री म्युझिकचा जॉनी कॅश वारला. त्याचे 'ग्रेटेस्ट हिट्स' आपल्या होस्टेलवर पाठ असणारे निघतील. हरकत नाही, जरूर ऐका. पण यंदा गणपतीची प्लेलिस्ट ज्याच्याकडे असेल, त्याने १४ एप्रिलची प्लेलिस्टही एकदा उघडून बघावी. आणि १४ एप्रिलवाल्याने गणपतीची. अख्खे प्रल्हाद शिंदे ऐकायचे तर दोन्ही कॅसेट लागतात.