प्रश्न सोडविणारे गुरू : एन्रिको फर्मी

एन्रिको फर्मी याचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी इटलीतील रोम शहरात झाला. त्याहून एका वर्षाने मोठा असलेला जूलिओ हा भाऊच त्याचा सवंगडी होता. दोघे मिळून विजेवर चालणारी लहान लहान यंत्रे तयार करीत. परंतु १९१५ साली घशावरील एका किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी जूलिओ अकस्मात मरण पावला. एकाकी पडलेल्या एन्रिकोने आपले मन अभ्यासात गुंतविले.

त्याच्या वडिलांचे स्नेही अमिदेई हे इंजिनिअर होते. त्यांनी त्याला भूमितीचा एक कठीण ग्रंथ वाचावयास दिला. एन्रिकोने तो नुसता वाचला नाही. त्यातील दोनशेहून अधिक उदाहरणे त्याने सुमारे दोन महिन्यांत स्वतः सोडविली. त्यांपैकी काही खुद्द अमिदेई यांनाही सुटली नव्हती. स्वतः सोडवून पाहावे, मगच ते आपले झाले असे समजावे, ही सवय त्याला तेव्हापासून जडली.

पुढे वयाच्या पंचविसाव्या वर्षी फर्मी रोमच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इटलीत ज्यू लोकांविरुद्ध कायदे झाले. फर्मी यांची पत्नी ज्यू वंशाची होती. म्हणून पारितोषिक स्वीकारून ते सहकुटुंब अमेरिकेस गेले. तेथे शिकागो येथे २ डिसेंबर १९४२ रोजी त्यांच्या देखरेखीखाली जगातील पहिली अणुभट्टी सुरू झाली.

१६ जुलै १९४५ रोजी अणुबाँबची पहिली चाचणी झाली. सुमारे सोळा किलोमीटर अंतरावर उभ्या असलेल्या फर्मी यांनी स्फोटाचा धक्का पोहोचताच हातातील कागदाचे कपटे खाली सोडले. ते किती दूर उडाले यावरून त्यांनी स्फोटाच्या शक्तीचा अंदाज केला. पुढे उपकरणांनी दिलेला आकडा त्याच्या सुमारे दुप्पट भरला. केवळ कपट्यांवरून इतके जवळचे उत्तर मिळाले! मात्र पुढच्याच महिन्यात अशा अस्त्रांनी जपानमध्ये भयंकर मनुष्यसंहार केला, हेही विसरता येत नाही.

महायुद्ध संपल्यावर फर्मी शिकागो विद्यापीठात शिकवू लागले. नवशिक्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान शिकविण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. शिकागोत पियानोचे सूर जुळवून देणारे कारागीर किती असतील, हा त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला प्रश्न आहे. ऐकताच विद्यार्थी गोंधळून जाई. परंतु मोठ्या प्रश्नाचे लहान लहान प्रश्न केले की वाट दिसू लागते. समजा, शहराची वस्ती तीस लाख आणि प्रत्येक घरात चार माणसे आहेत. म्हणजे घरे साडेसात लाख झाली. पाचांतील एका घरी पियानो असला, तर पियानो दीड लाख होतील. प्रत्येकाचे सूर वर्षातून एकदा जुळवावे लागतात आणि एक कारागीर वर्षाला हजार पियानो हाताळतो असे धरले, तर कारागीर सुमारे दीडशे हवेत. हे उत्तर तंतोतंत नसेल. पण ते दहा नाही आणि दहा हजारही नाही, एवढे निश्चित कळते.

२८ नोव्हेंबर १९५४ रोजी कर्करोगाने फर्मी यांचे निधन झाले. त्यांच्यापाशी शिकलेल्या यांग आणि ली यांना १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अवघड प्रश्न समोर आला की घाबरून लेखणी खाली ठेवू नये. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करून एकेक पाऊल पुढे टाकावे, हाच त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिलेला वारसा होय.