हकीम इब्न सीना

डोके कधीच दुखले नाही, असा माणूस शोधूनही सापडणार नाही. कुणाचे डोके उन्हाने दुखते, कुणाचे उपाशी राहिल्याने, तर कुणाचे जागरणाने. काही जणांचे मात्र पुन्हा पुन्हा अर्धेच डोके ठणकते. त्यांना उजेड सोसत नाही आणि आवाजही सोसत नाही. या दुखण्याला मराठीत अर्धशिशी आणि उर्दूत शकीका म्हणतात. सगळ्यांची डोकेदुखी सारखी नसते. म्हणून औषध देण्याआधी तिचे कारण शोधावे लागते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका हकिमांनी ही गोष्ट आपल्या ग्रंथात सविस्तर समजावून सांगितली. त्यांचे नाव इब्न सीना.

इब्न सीना यांचा जन्म इ. स. ९८० मध्ये बुखारा शहराजवळच्या अफशाना या खेड्यात झाला. हा भाग आज उझबेकिस्तान या देशात आहे. त्यांचे वडील अब्दुल्लाह हे सरकारी अधिकारी होते. मुलाने खूप शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. हिशेब शिकण्यासाठी त्यांनी मुलाला एका भाजीविक्रेत्याकडे पाठवले. हा भाजीविक्रेता हिंदी पद्धतीचे, म्हणजे भारतातून तिकडे गेलेले अंकगणित जाणत होता. ज्याच्याजवळ ज्ञान आहे तो आपला गुरू, हा धडा इब्न सीनांना लहानपणीच मिळाला.

पुढे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. केवळ पुस्तके वाचून ते थांबले नाहीत. ते रोग्यांना तपासू लागले. सोळाव्या वर्षीच मोठमोठे हकीम त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत बुखाऱ्याचे राजे नूह बिन मन्सूर आजारी पडले. दरबारच्या हकिमांनी या तरुणाला मदतीसाठी बोलावले. राजाच्या सेवेत आल्यावर इब्न सीनांनी धन मागितले नाही. त्यांनी राजाच्या ग्रंथालयात वाचन करण्याची परवानगी मागितली.

वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांना बुखारा सोडावे लागले. या गावाहून त्या गावी फिरत ते इराणमधील हमदान येथे पोहोचले. तेथील अमीर शम्सुद्दौला पोटशुळाने आजारी होते. इब्न सीनांनी त्यांना बरे केले आणि अमिरांनी त्यांना आपले वजीर केले. पण सैनिक त्यांच्यावर नाराज झाले. त्यांनी इब्न सीनांचे घर लुटले आणि त्यांना ठार मारण्याची मागणी केली. अमिरांनी ती मानली नाही, मात्र त्यांना पदावरून दूर केले. चाळीस दिवस ते एका मित्राच्या घरी लपून राहिले. इतक्यात अमिरांचे पोट पुन्हा दुखू लागले. तेव्हा त्यांनी इब्न सीनांना शोधून आणले, त्यांची क्षमा मागितली आणि पुन्हा वजीर केले.

अशा धकाधकीतही त्यांचे लेखन चालूच होते. दिवसा राज्याचा कारभार आणि रात्री शिष्यांबरोबर अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. 'अल-कानून फित्-तिब्ब' हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ असाच तयार झाला. त्याचे पाच भाग आहेत. तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतचे रोग दिले आहेत. तेथे डोकेदुखीचे अनेक प्रकार सांगितले आहेत. ऊन, थंडी, मार, ताप अशी वेगवेगळी कारणे दिली आहेत. पोट बिघडल्यानेही डोके दुखते, हेही त्यात आहे. एका जुनाट डोकेदुखीचे वर्णन तर फार बारकाईने केले आहे. तीत रोग्याला उजेड व आवाज नकोसा होतो आणि अंधारात एकटे पडून राहावेसे वाटते.

एकदा खुद्द इब्न सीनांचेच डोके फार दुखू लागले. दुखणे वाढून डोक्यात सूज येईल, अशी भीती त्यांना वाटली. त्यांनी बराचसा बर्फ मागवला, तो कुटून कापडात गुंडाळला आणि डोक्यावर ठेवला. बरे वाटेपर्यंत त्यांनी हा उपाय चालू ठेवला. त्यांचे शिष्य जुझजानी यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. रोग्यांवर उपचार करताना आलेले असे अनेक अनुभव इब्न सीनांना आपल्या ग्रंथात घालायचे होते. त्यांनी ते कागदावर उतरवलेही होते. पण ग्रंथ पूर्ण होण्याआधीच ते कागद हरवले. केवढे हे नुकसान!

अमिरांच्या मृत्यूनंतर त्यांना चार महिने एका किल्ल्यात कैदेत राहावे लागले. पुढे वेष बदलून ते इस्फहानला गेले. तेथे त्यांना मानाचे स्थान मिळाले. शेवटी त्यांना स्वतःलाच पोटशूळ जडला. प्रवासात मागे राहू नये म्हणून त्यांनी बरे होण्याची घाई केली. एकाच दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. त्यामुळे आतड्यांना इजा झाली. इ. स. १०३७ मध्ये हमदान येथे त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांची कबर आहे.

बाराव्या शतकात त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले. युरोपातील विद्यापीठांत तो सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात असे. आता वैद्यक खूप पुढे गेले आहे. शरीरातील चार द्रव बिघडल्याने रोग होतात, हे त्या काळचे मत आधुनिक वैद्यक मानत नाही. अर्धशिशी हा मेंदू व मज्जातंतूंचा आजार आहे, हे आता कळले आहे. तरीही डॉक्टर आजही रोग्याला तेच विचारतात: डोके कोठे दुखते, केव्हा दुखते, किती वेळ दुखते, उजेड सोसतो का?

म्हणून डोके वारंवार दुखत असेल, तर दुकानातून गोळ्या आणून रोज घेऊ नयेत. अशा गोळ्यांच्या अतिरेकानेच डोकेदुखी जडते. डोके एकाएकी फार दुखू लागले, किंवा ताप येऊन मान ताठली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. आधी कारण शोधावे आणि मग औषध घ्यावे. इब्न सीनांच्या जीवनातून आपण एवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.

शब्दार्थ
ठणकणे – जोराने दुखणे. पोटशूळ – पोटातील तीव्र कळ. धकाधक – धावपळ व त्रास. अतिरेक – प्रमाणाबाहेर वापर.

स्वाध्याय
१. इब्न सीनांनी राजाकडे काय मागितले?
२. त्यांनी स्वतःच्या डोकेदुखीवर कोणता उपाय केला?
३. 'घाईचे औषध घातक ठरते' हे पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.