मिशावाली आई

गुजरातेत भावनगर येथे एका टेकडीवर एक बालमंदिर होते. भरघोस मिशांचे एक गृहस्थ तेथे मुलांच्या घोळक्यात बसून गोष्टी सांगत. त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना मिशावाली आई म्हणू लागले. ते होते गिजुभाई बधेका.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. १९०७ साली ते उदरनिर्वाहासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. तेथून परतल्यावर मुंबईत कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वढवाण येथे वकिली सुरू केली. १९१३ साली त्यांना पुत्र झाला आणि त्याच्या शिक्षणाची चिंता त्यांना लागली. त्या काळी बहुतेक शाळांत छडीचा धाक आणि घोकंपट्टी यांचेच राज्य होते. मुले अर्थ न समजता धडे घडाघडा म्हणत; परंतु स्वतःच्या मनातील दोन वाक्ये बोलण्याचे धैर्य त्यांना होत नसे. अशा शाळेत आपल्या मुलाला कसे घालावे?

याच सुमारास इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांचे विचार गिजुभाईंच्या वाचनात आले. प्रश्न केवळ आपल्या मुलाचा नाही, सर्वच मुलांचा आहे, हे त्यांनी ओळखले. १९१६ साली वकिलीवर पाणी सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत शिक्षक झाले. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले.

मुलाला आधी मोकळेपणाने बोलू द्यावे, असे ते मानत. म्हणून गोष्टी, गाणी आणि नाटके यांना त्यांच्याकडे मानाचे स्थान होते. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवून मुले अक्षरांची वळणे ओळखत. पुढे चिठ्ठ्यांचा खेळ येई. चिठ्ठीत लिहिलेले काम मूल मनात वाची आणि लगेच करून दाखवी. त्याला अर्थ कळला की नाही, हे छडीवाचूनच समजे.

‘दिवास्वप्न’ या पुस्तकात त्यांनी चौथीच्या वर्गावर प्रयोग करणाऱ्या एका शिक्षकाची कहाणी सांगितली आहे. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ फसतो आणि वर्गात गोंधळ माजतो. तो मुलांवर रागावत नाही. आपली रीत बदलतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि दंगा करणारी तीच मुले कान देऊन ऐकू लागतात. गोष्टींची गोडी लागल्यावर ती आपण होऊन पुस्तकांकडे वळतात.

१९२३ साली ताराबाई मोडक राजकोट येथील मोठ्या पदाची नोकरी सोडून या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. २३ जून १९३९ रोजी गिजुभाईंचे मुंबईत निधन झाले. पण कार्य थांबले नाही. १९४५ साली ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गरिबांच्या मुलांसाठी बालशिक्षण केंद्र उघडले. एका पित्याला आपल्या मुलाविषयी वाटलेली काळजी अशा रीतीने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुलांच्या उपयोगी पडली.