श्रीतुकोबांचा पडता काळ

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ज्ञातिबांधवांना पडत्या काळाची ओळख करून देण्याचे कारण नाही. हातातोंडाशी आलेले भात अवकाळी पावसाने खाचरात आडवे झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी देव कोठे असतो, हा प्रश्न भाविकाच्याही मनात उभा राहतो. त्याचा विचार करताना आम्हांस घाटापलीकडील, कुणबी कुळातच जन्मलेल्या एका संसारी पुरुषाचे चरित्र आठवते. ते पुरुष म्हणजे देहूचे श्रीतुकाराम महाराज होत.

तुकोबांचा जन्म सामान्यतः १६०८ सालचा मानतात. पित्याचे नाव बोल्होबा, मातेचे कनकाई. घरी शेती, व्यापार, सावकारी आणि पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आलेली विठ्ठलाची पूजा होती. तथापि मातापिता निवर्तले. पत्नीच्या निधनानंतर थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले. पुढे १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. पुत्र संतूही गेला. त्या वेळी तुकोबांचे वय अवघे विशी-बाविशीचे होते.

खचलेले तुकोबा भामचंद्र व भंडारा या डोंगरांवर एकांतात बसू लागले. गेलेली माणसे परत आली नाहीत, बुडालेले धनही मिळाले नाही. परंतु त्या एकांतातून ते रिकाम्या हातांनी उतरले नाहीत. मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर त्यांनी स्वकष्टाने दुरुस्त केले. घरातील कर्जखतांपैकी निम्मी धाकटे बंधू कान्होबांना दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. दुष्काळाने पिचलेले कित्येक ऋणको त्यामुळे मोकळे झाले. द्वितीय पत्नी जिजाबाईंनी ओढाताणीतही संसार सावरला, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही. १६५० मध्ये तुकोबांनी देह ठेवला, असे सामान्यतः मानतात; त्यांचे अभंग मात्र आजही आपल्या गावोगावच्या भजनांत म्हटले जातात.

आमच्या मते या चरित्राचा बोध असा, की देव दुःख टाळण्यासाठी धावून आला नाही, म्हणून तो जवळ नव्हता असे होत नाही. ज्याचे सर्वस्व गेले, त्यालाच दुसऱ्याचे कर्ज सोडण्याची बुद्धी झाली. ते देवाचे निःशब्द सान्निध्य नव्हे तर काय? यंदा ज्या घरी कणगी रिकामी राहिली असेल, त्या घरी आपल्यापैकी कोणी पायलीभर भात घेऊन गेला, तर तुकोबांचे स्मरण सार्थ झाले असे आम्ही समजू.