सलीम अली आणि गोचिडीचा माग



नोव्हेंबरात पक्षी सप्ताह आला की शाळांमधून डॉ. सलीम अलींची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी, आणि ती कोणती हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडणं. गोष्ट छानच आहे. पण पाटण-शिराळ्याकडच्या, जंगलालगतच्या मुलांना मी दुसरी सांगतो. ती गोचिडीची आहे.

जन्म 1896 चा, मुंबईतला. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. पदवी नाही म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. तरी 1941 मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं नि घराघरांत गेलं.

आता 1957 साल घ्या. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो रशियातल्या गोचिडीच्या तापाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग शंका आली, की हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी पाखरं तर गोचिड्या घेऊन येत नाहीत ना? ते तपासायचं, तर पाखरं पकडायला माहीतगार माणूस हवा. सलीम अलींना स्थलांतराचा अभ्यास करायचाच होता, अडलं होतं पैशांपाशी. जागतिक आरोग्य संघटनेने हात दिला. जाळी लागली, हजारो पाखरांच्या पायांत कड्या चढल्या, अंगावरच्या गोचिड्या वेचल्या गेल्या.

पाखरांनी रोग परदेशातून आणला, हे काही सिद्ध झालं नाही. खरी साखळी जंगलातच होती, आणि ती सस्तन प्राण्यांची होती. गोचिडीची बारकी पिल्लं उंदीर, चिचुंद्री, खार, माकड यांचं रक्त पितात. माकडाच्या अंगात विषाणू भराभर वाढतो. ते मेलं की गोचिड्या खाली पाचोळ्यात उतरतात, आणि तिथून जाणाऱ्या माणसाला चिकटतात. मोठ्या गोचिड्या गाईगुरांवर पोसल्या जातात. गुरं आजारी पडत नाहीत, पण गोचिड्या वाढवतात. (गोठ्यात वाढलेल्या मुलांना हा भाग समजावावा लागत नाही!) माणसापासून माणसाला मात्र हा ताप होत नाही.

सलीम अलींना या कामाचं बक्षीस काय मिळालं? पुढे या अभ्यासात अमेरिकी लष्कराचाही पैसा आला होता. 1970 च्या दशकात त्यावरून ओरड झाली, जैविक युद्धाचा संशय घेतला गेला, संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी केली. सत्तरी ओलांडलेल्या माणसावर ही वेळ! मला विचाराल तर पैसा कुणाचा हा प्रश्न रास्तच होता, पण त्यांच्या निष्ठेवर शंका घेणं नव्हे. 1976 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, 1985 मध्ये ते राज्यसभेवर गेले, 20 जून 1987 ला वारले.

हा माकडताप 2016 पासून सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे आढळतो. सह्याद्री तोच, इकडे कोयना-चांदोलीतही वानरं, सांबरं, भेकरं आहेतच. सहलीहून परतल्यावर मी मुलांना कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघायला लावतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनरक्षकाला कळवायचं, हेही सांगून ठेवलंय.